मुंबापुरीचा कोळी

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील हे आम्ही जाणून आहोत. ज्याने उभा जन्म इतिहासाच्या अध्यापनात घालविला, त्याने उतारवयाच्या उंबरठ्यावर रंगीत चित्रकथांतील एका पोराचे चरित्र लिहावयास घ्यावे, हे अनेकांस वेळेचा अपव्यय वाटेल. आमचा बचाव इतकाच की, जो इतिहास कधी घडलाच नाही त्यातही तो रचणाऱ्यांचा इतिहास उतरलेला असतो. आणि बखरकार जे लपवितो ते कथाकार पुष्कळदा नकळत सांगून टाकतो.

निमित्त घरगुतीच आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा दहा वर्षांचा भाचा पुण्याहून आमच्याकडे द्वारकेस राहावयास आला होता. द्वारका म्हणजे श्रीकृष्णाची नव्हे, नाशिकची. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि पुण्याचा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात तो हा चौक. स्वारीच्या पिशवीत एक इंग्रजी चित्रकथा होती. तिच्यातील वीर मुंबईच्या उंच इमारतींवरून झेपा घेत चालला होता. अंगात कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तांबडा अंगरखा, मात्र कमरेस चक्क धोतर! आम्ही ते पुस्तक चाळू लागताच भाच्याने प्रश्न टाकला, "मामा, हा मुंबईचा आहे ना? मग हा मराठी बोलतो का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना.

या मुलाचे नाव पवित्र प्रभाकर. त्याची वंशावळ पाहावयाची तर प्रथम अमेरिकेस जावे लागते. १९३८ साली सुपरमॅन अवतरला आणि अमानुष सामर्थ्याच्या वीरांची तेथे रांगच लागली. पण हे वीर बहुधा प्रौढ असत, आणि मुलांच्या वाट्यास त्यांच्या शागिर्दाची भूमिका येई. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको या दोघांनी १९६२ च्या ऑगस्टात पीटर पार्कर हा शाळकरी पोर निर्माण केला, आणि त्यास कोणाचा शागिर्द न ठेवता स्वतःच नायक केले. पीटर आईबापांविना वाढलेला, चुलता-चुलतीच्या आश्रयास राहणारा, पुस्तकात डोके घालून बसणारा आणि वर्गातील दांडग्यांच्या टिंगलीचा विषय. विज्ञानाच्या एका प्रयोगाच्या वेळी किरणोत्सर्गी कोळी त्यास चावतो आणि कोळ्याचे गुण त्याच्या अंगी येतात: भिंतीवर चढणे, आकाराच्या मानाने अचाट बळ, संकटाची आगाऊ चाहूल. या बळाचा तो आधी पैशासाठी उपयोग करतो. एक चोर समोरून पळत असता "मला काय त्याचे" म्हणून त्यास जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या चुलत्याचा प्राण घेतो. तो काळ अणुयुगाचा होता. हिरोशिमाच्या स्फोटास सतरा वर्षे झाली होती, आणि अदृश्य किरणांविषयी अमेरिकन मनात जे भय व जे कुतूहल होते, तेच त्या लहानशा किड्याच्या दंशात उतरले.

या पीटरची भारतीय आवृत्ती २००४ साली निघाली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग हे तिचे कर्ते. अंक अवघे चार. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मे या चुलतीची माया झाली, बेन या चुलत्याचा भीम झाला, आणि मेरी जेनची मीरा जैन. नावांच्या या कसरतीत एक मौज आहे. प्रभाकर हे आपल्याकडे मुलाचे नाव. आडनाव म्हणून मराठी कानास ते खटकते. मुंबईशी त्याचा खरा संबंध असेल तर तो भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्राचा. हे पत्र १८४१ साली मुंबईत निघाले आणि लोकहितवादींची शतपत्रे त्यातच प्रसिद्ध झाली. मूळचा पीटर वर्तमानपत्रास छायाचित्रे विकून पोट भरतो हे ध्यानात घेता हा योगायोग बरा जमला आहे. पण तो कर्त्यांच्या गावीही नसावा. दुसरे असे की, इंग्रजी 'अंकल' हा काका की मामा हे कळण्यास मार्ग नसतो. आम्ही मूळ कथेस धरून भीमकाका म्हणतो.

आता त्याची हकीकत थोडक्यात. पवित्र हा एका दूरच्या खेड्यातला मुलगा. आईबाप वारलेले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून काका-काकूंसह तो मुंबईस येतो. काका हाताशी पैसा नसता त्याच्या शिक्षणाचा भार वाहतो. नव्या शाळेत त्याच्या हुशारीची आणि गावंढळपणाची एकदमच थट्टा होते. एकटी मीरा तेवढी त्यास आपला म्हणते. इकडे नलिन ओबेरॉय नामक एक धनाढ्य गुंड एका प्राचीन ताइताच्या साहाय्याने अघोरी विधी करतो. त्याच्या अंगात राक्षस संचरतो, आणि इतर राक्षसांस पृथ्वीवर उतरण्याची वाट तो मोकळी करू पाहतो. त्याच सुमारास टवाळ पोरे पवित्रच्या पाठीस लागली असता, पळता पळता त्यास एक वृद्ध योगी भेटतो आणि कोळ्याचे सामर्थ्य देतो. मग पवित्र नव्या बळाच्या आनंदात शहरभर झेपा घेत सुटतो. एका स्त्रीची आरोळी त्याच्या कानी येते. काही पुरुष तिच्यावर तुटून पडलेले असतात. तो ती आरोळी ऐकतो आणि निघून जातो. क्षणभराने दुसरी आरोळी येते, ती भीमकाकाची. त्या स्त्रीच्या मदतीस तो म्हातारा धावला होता, आणि त्यास भोसकण्यात आले होते. यापुढचे झगडे, अष्टभुज झालेला एक साधा डॉक्टर, काकूचे व मीरेचे अपहरण, हे सर्व अशा कथांस साजेसे आहे आणि त्यावर आम्ही वाचकांचा वेळ घेणार नाही. शेवट दिवाळीच्या दिव्यांत होतो.

मूळ कथेतील किरणोत्सर्गी कोळी जाऊन येथे योगी आला, याचे कारण उघड आहे. भारतातील अद्भुत म्हणजे मंत्र, ताईत, योगी आणि राक्षस, अशी समजूत पश्चिमेकडे पूर्वीपासून आहे, आणि तिच्या मुशीतून जे आपले लोक लिहितात त्यांच्याही लेखणीत ती उतरते. ज्या मुंबईत ट्रॉम्बे आहे, आणि ट्रॉम्बेस १९५६ पासून अणुभट्टी चालली, त्या मुंबईच्या मुलास किरणोत्सर्गी कोळी चावू नये, हे नवलच नव्हे काय? गंमत अशी की, हा भारतीय म्हणून आणलेला योगीही पुरता भारतीय नाही. १९४० साली अमेरिकेतच बिली बॅटसन नावाचा एक पोरका, वर्तमानपत्रे विकणारा मुलगा चित्रकथांत अवतरला होता. भुयारात एक पुरातन मांत्रिक त्यास भेटतो, एक जादूचा शब्द देतो, आणि तो शब्द उच्चारताच पोराचा महाबली होतो. तेव्हा पवित्रास मिळालेले दान हे हिमालयातून आले असे दिसले, तरी त्याची एक वाट न्यूयॉर्कच्या छापखान्यांतूनही येते.

आणि तरीसुद्धा ही कथा वाचताना आम्हांस नाशिककर म्हणून थांबावे लागले. पाठीस लागलेले संकट, भेदरून पळणारे पोर, आडवाटेस भेटलेला पुरातन योगी आणि त्याने दिलेले सामर्थ्य: हे आम्ही कोठे ऐकले आहे? येथून अवघ्या सात-आठ कोसांवर, त्र्यंबकेश्वरी. परंपरा सांगते की, विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सारी पांगापांग झाली, आणि थोरला निवृत्ती चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. तेथे त्यास नाथपंथाची दीक्षा मिळाली. ही मुले संन्याशाची पोरे म्हणून गावाच्या निंदेस पात्र झालेली. पुढे लवकरच आईबापांसही अंतरली. एवढे साम्य पाहून कोणासही वाटावे की पवित्राच्या कर्त्यांनी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा केली असावी. तसे काही झाले असेल असे मानण्यास आधार नाही. पोरके, हिणवलेले मूल आणि त्यास डोंगरात भेटणारा गुरू हे मानवजातीचे फार जुने स्वप्न आहे, एवढेच यातून निघते.

परंतु येथून पुढे दोन्ही कथांचे रस्ते फुटतात. योगशास्त्रातील विभूतिपादात सिद्धींची मोठी यादी आहे; अंग हलके करणे, दूरचे ऐकणे, हत्तीचे बळ मिळविणे; आणि त्याच पादात या सिद्धी समाधीच्या मार्गातील अडथळे होत, असेही बजावले आहे. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवास सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. पवित्रास भिंतीवर चढता येते, येथे भिंतच चालली! पण त्या कथेचा भर भिंतीवर नाही, चांगदेव वाघावरून खाली उतरला यावर आहे. आणि निवृत्तीने गुहेतून आणलेले बळ स्वतःपाशी न ठेवता धाकट्यास दिले; त्यातून १२९० साली नेवाशास जे उभे राहिले तो एक ग्रंथ होता, आणि तो मराठीत होता. पवित्राचा योगी शत्रू दाखवून देतो व अंतर्धान पावतो. त्या मुलास धाकटे भावंड नाही. त्याचे सामर्थ्य वाटून घेण्यास कोणीच नाही, आणि आमच्या मते त्याच्या साऱ्या दुःखाचे मूळ तेथे आहे.

चार अंकांतील सर्वांत मोठी उणीव मात्र एका शब्दाची आहे, आणि ती इंग्रजीत लिहिणाऱ्यास दिसणेच शक्य नव्हते. जाळे विणणाऱ्या किड्यास मराठीत कोळी म्हणतात. जाळे टाकणाऱ्या मनुष्यासही कोळीच म्हणतात; आणि मुंबई ही मुळात त्या कोळ्यांची. माझगाव, वरळी, कुलाबा ही नावे आजही त्यांच्या वस्त्यांची आठवण देतात, आणि जिच्यावरून शहरास नाव मिळाले ती मुंबादेवी या कोळ्यांचे दैवत. मुंबईच्या छपरांवरून झेपावणाऱ्या पोरास कोळी म्हणताच हा सारा समुद्रकाठ त्याच्या पाठीशी उभा राहिला असता. सह्याद्रीच्या या बाजूस महादेव कोळी आहेत. त्यांच्यातील राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकाराविरुद्ध बंड केले आणि १८४८ साली ठाण्यास ते फासावर गेले. त्यांस झेपावण्यासाठी डोंगर होते, इमारती नव्हत्या, एवढाच फरक.

याच शब्दात आणखी एक कथा दडलेली आहे, वाल्या कोळ्याची. वाटसरूंस लुबाडणाऱ्या वाल्यास नारद विचारतात, तुझ्या पापाचा वाटा घरची माणसे घेतील काय? तो घरी जाऊन विचारतो. बायको नाही म्हणते, पोरे नाही म्हणतात. तेथून त्याचे तप सुरू होते. पवित्राची कथा याच्या अगदी उलट आहे. आरोळी ऐकून तो निघून गेला हे पाप त्याचे. पण कोणी न विचारता, आणि असा काही वाटा आहे हे ठाऊकही नसता, काकाने तो सबंध उचलला. वाल्याच्या घरी नकार देणारे भेटले म्हणून तो सुटला. पवित्रास नकार मिळालाच नाही. किरणांचा कोळी असो की योग्याचा प्रसाद असो, ही कथा उभी आहे ती त्या न ऐकलेल्या आरोळीवर, आणि म्हणून कर्त्यांचे बाकीचे सारे अपराध आम्ही पोटात घालावयास तयार आहोत.

त्यांतला एक अपराध धोतराचा. २००४ साली महाराष्ट्रातील कोणत्या खेड्यातला शाळकरी मुलगा धोतर नेसत होता? तोपर्यंत आजोबांनीही ते लग्नकार्यापुरते ठेवले होते. चित्रकाराने खेडे पाहिले ते जुन्या चित्रपटांत, असे वाटते. परंतु त्या मुलाची टवाळी ही मात्र सोळा आणे खरी. शिकण्यासाठी गाव सोडून निघालेला मुलगा ही आपल्याकडील फार जुनी वीरकथा आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. ते परत चालत आले. मराठी बालवाङ्मयात भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हाही फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला मुलगाच. त्यास कोणी योगी भेटला नाही. त्याचे सामर्थ्य म्हणजे सायकलीवरील दोन पाय, अंगची चपळाई आणि तोंडचे ते "ट्टॉक!" एवढ्या भांडवलावर त्याने पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना झोपेविना ठेवले. आमची झोपही त्यानेच घालविली होती.

आता हसण्याची जागा बदलली आहे. वस्त्रास कोणी हसत नाही, उच्चारास हसतात. आमच्या द्वारकेच्या चौकात जूनच्या आरंभी पहाटे उभे राहिल्यास हे पोर अजून दिसते. वरून उड्डाणपूल गेला आहे, खाली पावसाचे पाणी साचलेले, आणि कडेस गाठोडे वा नवी बॅग घेऊन बाप आणि मुलगा मुंबईच्या किंवा पुण्याच्या गाडीची वाट पाहत असतात. बाप तिकिटाचे पैसे पुन्हा पुन्हा मोजतो.

काही वर्षांपूर्वी इगतपुरी तालुक्यातील एका पाड्यावरचा, महादेव कोळी समाजातला असाच एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. ऐतिहासिक कागदपत्रांतील एक इंग्रजी उतारा आम्ही त्यास मोठ्याने वाचावयास सांगितला. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीस त्याचा उच्चार अडखळला. मागून कोणी तरी त्याची नक्कल केली, आणि वर्ग हसला. तो थांबला व आमच्याकडे पाहू लागला. तासास दहा मिनिटे उरली होती, अभ्यासक्रम मागे पडला होता. "बसा," एवढेच म्हणून आम्ही उरलेला उतारा स्वतः वाचून पुरा केला. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. दिवाळीनंतर दिसला नाही. त्याने शिक्षण सोडले की गाव बदलले हे आम्ही विचारले नाही. पवित्राची ती आरोळी वाचताना पुस्तक मिटून आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलो याचे कारण भाच्यास कळले नाही, आणि ते आम्ही त्यास सांगितलेही नाही.

पवित्राचे पुढील चरित्र त्रोटक आहे. २०१४ साली अनेक विश्वांतील कोळीवीर एकत्र आणणाऱ्या एका कथेत तो पुन्हा डोकावला. २०२३ साली निकेश शुक्ल यांनी पाच अंकांत त्याचे नवे आख्यान रचले. पण त्यास खरी कीर्ती मिळाली ती त्याच वर्षीच्या जूनमध्ये आलेल्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चलच्चित्रपटाने. त्यात मुंबई व मॅनहॅटन यांची सांगड घालून 'मुंबॅटन' नामक नगरी उभारली आहे. तिची रंगरेषा पाहून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. ठिपक्याठिपक्यांचे ते भडक रंग, जाड रेषा, किंचित चुकलेली छपाई! हे तर आमच्या बालपणीचे इंद्रजाल. मुंबईहून १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या त्या चित्रकथा मराठीतही येत, आणि ली फॉकचा फँटम त्यांत 'वेताळ' होऊन अगदी घरच्यासारखा मराठी बोले. तो विदेशी गृहस्थ कवटीच्या गुहेत राहून जे करू शकला ते मुंबईच्या या पोरास चार अंकांत साधले नव्हते. चित्रपटाने ती कसर काही अंशी भरून काढली. कारण त्याची मराठी ध्वनिआवृत्तीही निघाली.

एकोणीस वर्षांत पोर केवढे बदलले! २००४ चा पवित्र गावंढळ, भेदरलेला, शहराची क्षमा मागत वावरणारा. २०२३ चा पवित्र शहराचा मालक असल्यासारखा बागडतो, पाहुण्यास चहावरून चार शब्द सुनावतो, आपले सारे कसे सुरळीत चालले आहे हे सांगत सुटतो. त्यास कोणी शिष्यवृत्तीविषयी विचारीत नाही. मधल्या काळात परदेशस्थ भारतीयाची मान किती ताठ झाली याचे हे मोजमाप आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच वाटतो. मात्र या ताठ मानेच्या पोरास खेडे उरलेले नाही. एक गोष्ट मात्र त्या चित्रपटात फार मार्मिक आहे. प्रत्येक कोळीवीराच्या आयुष्यात जवळच्या माणसाचा मृत्यू लिहिलेलाच असतो, आणि तो टाळल्यास त्याचे विश्व फाटू लागते, असा तेथील सिद्धांत आहे. आपण यास प्रारब्ध म्हणू. मुंबॅटनमध्ये इन्स्पेक्टर सिंग यांचा मृत्यू असा लिहिलेला असतो. परका पोर मध्ये पडतो, त्यांस वाचवितो, आणि जमीन खरोखरीच फाटते. सिंग जगतात. फाटलेल्या जमिनीचे पुढे काय करावयाचे हे पवित्रास व त्याच्या सोबत्यांस पाहावे लागते. भीमकाकाच्या वेळी पवित्र निघून गेला होता. या वेळी तो तेथेच थांबला.

भाऊबीज आटोपून भाचा परत निघाला, तेव्हा त्यास पोहोचविण्यास आम्ही चौकात गेलो होतो. पुण्याची गाडी यावयास वेळ होता. त्याचा प्रश्न आमच्याकडे थकलेला होता म्हणून आम्ही त्यास कोळी शब्दाचे दोन अर्थ सांगितले, मुंबादेवीचे सांगितले, वाल्याची गोष्ट त्यास ठाऊक होतीच. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले. गाडी आली. पायरीवर चढता चढता तो वळून म्हणाला, "मग मामा, त्याचं आडनाव कोळीच का नाही ठेवलं?"